दोनदा म्हणायची ओळ

लग्न ठरलं की कोणाची पोर कपाट मागते, कोणाची मिक्सर मागते. आमच्या पोरीनं मला दहा गाणी मागितली. कपाटावरच्या खोक्याकडं बोट दाखवून म्हणाली, बाबा, त्यातली दहा निवडून द्या, पन्नास वर्षांनीसुद्धा लोक ऐकतील अशी. मी पेनड्राइव्हवर घेऊन जाते. माझ्या पोरांना सांगेन, तुमचे आजोबा हे ऐकायचे.

ती चेष्टा करत होती हे मला कळत होतं. पण गाण्याचा विषय निघाला की मी लगेच पेटतो, हे तिलाही माहीत आहे. मी म्हटलं, तुझ्या मोबाइलमध्ये जगातली सगळी गाणी आहेत ना? मग? ती म्हणाली, सगळी आहेत म्हणूनच तर कुठलं ऐकायचं ते कळत नाही.  मी स्टूल घेतलं आणि खोका खाली काढला.

खोक्यात चाळीसेक कॅसेटी आहेत. सगळ्या इंग्रजी. रॉक आणि ब्लूज. आता तुम्ही म्हणाल, नंदुरबारकडचा माणूस, सुरतेत भेस्तानला दोन खोल्यांत राहणारा, जेमतेम दहावी, त्याचा आणि ह्या गाण्यांचा काय संबंध? आमच्या गल्लीतही पंचवीस वर्षं हेच विचारतात. मी तरुणपणी लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होतो. तिथं कान फुटायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हिंग शिकलो आणि हजीऱ्याला एका कंपनीच्या गाडीवर लागलो. तिकडं तेव्हा मोठमोठे कारखाने उभे राहत होते, परदेशातनं इंजिनियर यायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्याला रोज न्यायचं-आणायचं काम माझ्याकडं आलं. उंच, वाळका, कायम उन्हानं लाल झालेला. साहेब लोक मागं बसतात, हा माझ्या शेजारी पुढं बसायचा. बसला की पहिली कॅसेट टाकायची. मग बोटांनी डॅशबोर्डावर ठेका.

सुरुवातीला मला वैताग यायचा. जाताना तास, येताना तास, आणि हे गिटारचं किरकिरणं. पण दोन वर्षं रोज कानावर पडलं तर माणूस कुत्र्याच्या भुंकण्यातही सूर शोधतो. मला ती गाणी आवडायला लागली. शब्द कळायचे नाहीत, पण कुठल्या गाण्यात माणूस भांडतोय, कुठल्यात घरी जायची वाट बघतोय, हे कळायचं. एकदा मी त्याला मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, ही ब्लूजची गाणी पहिल्यांदा कोणी म्हटली? त्यानं गाडी थांबवायला लावली. तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला शेतं होती. त्यानं खाली वाकून दोन्ही हातांनी काहीतरी वेचल्यासारखं केलं आणि खांद्यावरच्या झोळीत टाकल्यासारखं केलं. मी म्हटलं, कापूस? तो म्हणाला, हां, कॉटन. कापूस वेचणारी माणसं. गरीब, काळी, दुसऱ्याच्या शेतावरची.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. ती लग्नाआधी खान्देशात वेचणीलाच जायची. तिला काही विशेष वाटलं नाही. म्हणाली, वेचताना गाणार नाही तर काय करणार, कंबर मोडते.

म्हातारा आपल्या देशाला परत जायला निघाला तेव्हा हा खोका मला देऊन गेला. मी विचारलं, ह्यातली सगळ्यात भारी कुठली? त्यानं एक कॅसेट काढली, पेनानं तिच्यावर मोठा तारा काढला आणि खुणेनं सांगितलं, ही नातवंडं ऐकतील, त्यांची नातवंडं ऐकतील. मी ती कॅसेट घरी आणून टेपवर लावली. बायकोनं पाच मिनिटं ऐकलं आणि मग म्हणाली, "आवं, ते बंद करा, डोकं उठनं मन्हं." आमच्या घरी अहिराणीच चालते. पोर मात्र बाहेर गुजराती, आमच्याशी अर्धी मराठी, अर्धी हिंदी.

तर यादीकडं येतो. मी वही घेऊन बसलो आणि म्हाताऱ्याच्या ताऱ्यावरच पहिली काट मारली. त्या गाण्यात एक गिटारवाला आहे, तो मधेच सुटतो आणि पाच मिनिटं एकटाच वाजवत बसतो. वाजवतो झकास, ह्यात वाद नाही. पण भांडी घासता घासता कोणी गिटार वाजवत नाही. जे गाणं माणसाला रिकाम्या तोंडानं म्हणता येत नाही, ते त्या वाजवणाऱ्याबरोबर जाणार. त्याचे चेले अजून तीस-चाळीस वर्षं वाजवतील, मग ते गाणं म्युझियममध्ये. हे माझं मत आहे. कोणाला पटो न पटो.

रॉकमधली काही राहतील. ज्यात अख्खं मैदान एकच ओळ ओरडतं ती राहतील, कारण ओरडणं माणसाला कायम लागणार आहे, क्रिकेटला लागतं, मोर्चाला लागतं. एका गाण्यात एक माणूस पियानोवर हळूच काहीतरी म्हणतो, ते मी अगदी वर लिहिलं. का, ते सांगता येत नाही. त्या गाण्याला आमची पोर लहानपणी झोपायची, एवढंच. आणि ज्यात नुसती अंगातली रग आहे, आम्ही जवान, आम्हाला कोण अडवतो, असली सगळी खोडली. रग प्रत्येक पिढीला स्वतःची असते, बापाची चालत नाही. मी गाडीवर असताना माझ्याही अंगात होती, आता गुडघ्यात वात आहे.

नऊ झाली. दहाव्याला मी थांबलो. दहावं कोणतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण ते लिहायची माझी छाती होत नव्हती. त्याला कारण आहे.

पोर पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. बायको घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. भेस्तानात आमच्या गल्लीत बहुतेक बायका तेच करायच्या. दुपारी आमच्या ओट्यावर सात-आठ जणी बसायच्या, मांडीवर साडी, हातात गोंदाची बाटली. माझी सुट्टी असली की आत टेप चालू असायचा. एका कॅसेटच्या मागच्या बाजूला अगदी शेवटी एक ब्लूज होतं. एक माणूस, एक गिटार, बाकी काही नाही. कॅसेटवरचा कागद एका पावसाळ्यात भिजला, नाव धुऊन गेलं. म्हाताऱ्यानं ते गाणं कधी पूर्ण ऐकलंसुद्धा नव्हतं, त्याच्या आतच हजीरा यायचं.

एक दिवस बायको खडे लावता लावता थांबली. म्हणाली, हे परत लावा. लावलं. मग म्हणाली, "हाई तं आपलंच शे."

मी म्हटलं, आपलं कसं? तेव्हा तिनं मला समजावलं, आणि खरं सांगतो, तेवढं मला म्हाताऱ्यानंही सांगितलं नव्हतं. तो माणूस एक ओळ म्हणतो. तीच ओळ पुन्हा म्हणतो. आणि तिसऱ्यांदा तिचं उत्तर देतो. हळदीची गाणीही अशीच, ती म्हणाली. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. जिला येत नाही तिलाही दुसऱ्यांदा म्हणताना येते. आणि तेवढ्या वेळात पहिलीला पुढची ओळ आठवते. म्हणून तर ती गाणी विसरत नाहीत.

पुढच्या दोन-चार दिवसांत तिनं त्या चालीवर स्वतःचे शब्द बसवले. शाळा तिची चौथीपर्यंत, पण तोंडातल्या तोंडात शब्द फिरवत बसायची आणि माझ्याकडं बघून गप्प व्हायची. मग गल्लीत एका पोरीची हळद होती. पाच सवाष्णी जात्यावर हळद दळायला बसल्या आणि हिनं एकदम सुरू केलं:

हयद लागनी अंगले, पोर मन्ही उजयनी,
हयद लागनी अंगले, पोर मन्ही उजयनी,
आते ओटावर बशीसन कोनी वाट देखू मी?

पोर हळदीनं उजळली, आता ओट्यावर बसून मी कोणाची वाट बघू. एवढंच. अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्याची चाल, आणि जात्याला अशी बसली की जातं त्याच चालीवर फिरायला लागलं. बायका रडल्या, हसल्या, पुन्हा म्हणायला लावलं. कोणीतरी विचारलं, कुठलं गं हे गाणं? आणि आमची बायको लाजून म्हणाली, "मन्हा माहेरनं शे."

झालं. तेव्हापासून ते तिच्या माहेरचं गाणं. त्याला आणखी एक कडवं जोडलं गेलं, मग गल्लीतली प्रत्येक हळद त्याशिवाय होईना. लग्न होऊन पोरी गेल्या तशी गाणं गेलं, उधन्याला गेलं, नवापूरला गेलं. एकदा एका टेम्पोवाल्याच्या मोबाइलमध्ये मी ते कोणीतरी म्हटलेलं ऐकलं, खाली लिहिलेलं होतं, जुनं खान्देशी लग्नगीत.  अरे, गाणं माझ्या खोक्यातलं! मी कितीदा चारचौघांत खरं सांगायचा प्रयत्न केला. लोक माझ्याकडं असं बघायचे की भाऊंनी आज सकाळीच घेतलेली दिसतेय. बायको नुसती हसायची.

पोर शाळेत असताना तिनं मला एकदाच एक गोष्ट सांगितली होती. त्या गाण्याचं तिसरं कडवं तिनं बांधून ठेवलंय. ते कोणाच्या हळदीला म्हणणार नाही. आपल्या पोरीच्या हळदीला म्हणेन, आणि तेव्हाच तुम्हीही ऐका. मी खूप मागं लागलो, पण तिनं एक शब्द सांगितला नाही. दहा-बारा वर्षं ती ते कडवं मनात घेऊन बसली होती.

आणि गेल्या वर्षी तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, देवाची कृपा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, धोका आहे. जीव वाचला, आवाज गेला. आता ती कुजबुजते, तेही जवळ कान नेला तरच कळतं. येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले, किंवा नाही येणार. पहिले दोन महिने ती सकाळी मोरीजवळ उभी राहून घसा साफ करायची आणि एक सूर लावून बघायची. नुसती हवा यायची. मग तिनं ते सोडून दिलं. मला ह्याचं जेवढं दुःख झालं तेवढं माझ्या आईच्या जाण्याचंही झालं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

पोरीचं लग्न ठरलं तेव्हा एक दिवस भाजी निवडता निवडता तिनं मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, पोरीच्या हळदीला ते गाणं नको. बाकी काय म्हणायचं ते म्हणू द्या, ते नको. मी म्हटलं, अगं, तू सांग, मी कागदावर उतरवतो, गल्लीतली कोणीतरी म्हणेल. तिनं मान हलवली. "ते लिखीसन देवानं नही," म्हणाली, लिहून द्यायचं नाही. मी थोडा चिडलो. म्हटलं, मग काय मनातच ठेवून मरणार आहेस? ती मेथी निवडत राहिली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

तर पोरीनं दहा गाणी मागितली तेव्हाची घरातली परिस्थिती ही अशी होती.

मला वाटलं, ही म्हणू शकत नाही ना, मग निदान ते मूळ गाणं तरी वाजू दे. हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर असणारच. लोकांना एकदा कळू दे हे गाणं कुठून आलं. आणि हिलाही बरं वाटेल, आपली चाल ऐकून. खोटं कशाला बोलू, ह्यात हिच्यासाठी किती होतं आणि माझ्या वीस वर्षांच्या खाजेसाठी किती होतं, ते मलाही सांगता येणार नाही. मी ती कॅसेट शर्टात घालून स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. तो जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून देतो. त्यानं टेप उलगडून बघितली आणि गुजरातीत म्हणाला, काका, ह्याला बुरशी लागलीय, ही राहू द्या, दुसरी कुठली पण द्या. मी म्हटलं, दुसऱ्या सगळ्या मागाहून, ही आधी. त्यानं कापसाच्या बोळ्यानं टेप पुसली, दोन ठिकाणी जोडली. गाणं आलं. खरखर होती, पण माणूस होता.

हळद रविवारी सकाळी अकराला. गल्लीत मांडव, मधोमध जातं, त्याला हळकुंड बांधलेलं. पोर पाटावर पिवळ्या साडीत बसलेली. जात्याशी आमची बायको आणि तिच्या जोडीला शेजारची मावशी. ही मावशी अकोल्याकडची, नवरा बांधकामावर, पंधरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत आली आणि आता गल्ली तिचीच असल्यासारखी वागते. बायकांनी एक-दोन गाणी म्हटली, गणपतीचं, देवीचं. मग सगळ्या थांबल्या. पुढचं गाणं कुठलं असतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते का म्हणायचं नाही तेही माहीत होतं. कोणी कोणाकडं बघेना. तेवढ्यात मी पेनड्राइव्ह लावला.

आधी खरखर. मग गिटार. मग तो माणूस.

मांडवातल्या सगळ्या बायका स्पीकरकडं वळल्या. मी छाती काढून उभा. आता कळेल सगळ्यांना. दोन ओळी झाल्या, तिसरी झाली, आणि मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे तं आपलं गाणं व्हय ना बाप्पा! ह्या गोऱ्यानं चोरलं वाटते."

मी म्हटलं, मावशी, गोरा नाही तो, आणि हे गाणं तिकडचंच आहे, साठ-सत्तर वर्षं जुनं. मावशी म्हणाली, साठ-सत्तर काय घेऊन बसले, आमच्या आजीच्या आजीपासून चालत आलंय. ती पंधरा वर्षांपूर्वी हे गाणं पहिल्यांदा आमच्याच ओट्यावर शिकली होती, माझ्यासमोर! बाकीच्या बायका माना डोलावत होत्या. एकजण म्हणाली, आजकाल काही सांगता येत नाही, मोबाइलवरनं उचलतात. मावशीनं स्पीकरकडं जरा वेळ कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला की चोरलं तर चोरलं, त्याला धड म्हणता तरी यायला पाहिजे होतं, शेवटाला पार घसरतोय.

मी बायकोकडं बघितलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. मी धावत जाणार, तर ती हसत होती. आवाज नाही, पण तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी, जात्याच्या खुंट्याला धरून हसत होती. ऑपरेशननंतर मी तिला असं हसताना पहिल्यांदा बघितलं. माझ्या फजितीवर हसत होती, हसू दे. वीस वर्षांची माझी खाज तिथंच मिटली.

मावशीनं मला हुकूम केला, ते बंद करा. मी केलं. आणि मग, कोणी ठरवलं नाही, कोणी विचारलं नाही, चोराला दाखवून द्यायचं म्हणून बायकांनी स्वतःच सुरू केलं. हयद लागनी अंगले. जातं फिरायला लागलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बायको म्हणत नव्हती, पण तिचा हात मावशीच्या हाताबरोबर खुंट्यावर फिरत होता. दुसरं कडवं संपलं तसं गाणं संपलं, कारण त्यांना तेवढंच येत होतं.

जातं मात्र थांबलं नाही. मावशीनं हात काढला होता, बायको एकटीच फिरवत होती. तिचे ओठ हलले. मावशीनं सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेला. मग मान वर करून, तिच्या त्या खणखणीत वऱ्हाडी गळ्यानं, पण शब्द अहिराणीच ठेवून, तिनं ओळ टाकली:

जाय माय तू जाय, मांगे वळी देखू नको.

मी दहा-बारा वर्षं वाट बघितलेली ओळ. बायकांनी ती उचलली, दुसऱ्यांदा म्हटली. जाय माय तू जाय, मांगे वळी देखू नको. नेहमी जशी उचलतात तशीच. जिला येत नव्हती तिलाही आली. त्यांना वाटलंही नसेल की त्या काही वेगळं करतायत.

आता तिसरी ओळ, उत्तराची. मावशी पुन्हा वाकली, पण बायको उठली. ताटातल्या ओल्या हळदीत तिनं दोन्ही हात बुडवले. पोरीपाशी गेली, तिच्या गालांवर ते हात ठेवले, आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली.  पोरीचा चेहरा आधी हसरा झाला, मग वाकडा झाला. अहिराणी तिला नीट येत नाही, आम्ही अहिराणीत बोललो की ती मराठी-हिंदीत उत्तर देते. पण तिनं ती ओळ चालीत, एकही शब्द न अडखळता म्हटली:

चुल्हावर दूध शे, ते मी देखी लिसू.

चुलीवर दूध आहे, ते मी बघून घेईन.

ह्याचं हसू आणि रडू दोन्ही आमच्या घरालाच कळणार. पोर शाळेत होती तेव्हापासून तिच्याकडं एकच काम, सकाळी दुधाकडं बघायचं. आणि तिनं ते रोज उतू घालवलं. माझा टेप चालू असायचा, ती दारात उभी राहून ऐकत बसायची, आणि मागं दूध शेगडीभर. किती बोलणी खाल्ली असतील तिनं. आणि आई एवढी वर्षं हे मनात धरून होती, की तू जा, मागं वळून बघू नको, दुधाचं माझ्याकडं राहू दे. मी स्पीकरच्या मागं जाऊन वायर बघतोय असं दाखवत उभा राहिलो. वायरला काहीच झालेलं नव्हतं. मी आपला रडत होतो.

पोर सुरतेजवळच्या सचिन गावात दिली आहे, कारखान्यांच्या वस्तीत, इथनं काही लांब नाही. पेनड्राइव्ह ती घेऊन गेली. नऊ गाणी भरून दिली. दहावीची जागा यादीत तशीच ठेवली, कारण त्या गाण्याचं नाव मला माहीत नाही, आणि आता ते कळून तरी काय करायचं?

लग्नानंतर आठवड्यानं तिचा सकाळी फोन आला. मी स्पीकरवर टाकला, म्हणजे आईला ऐकता येईल. पोर दबक्या आवाजात बोलत होती. बाबा, आज दूध उतू गेलं. स्वयंपाकाचा सगळा ओटा भरला. मी विचारलं, कुणी रागावलं का? ती म्हणाली, नाही, सासूबाई आल्या, मी आईचं गाणं म्हणत होते ते त्यांनी ऐकलं, आणि त्याही म्हणायला लागल्या. दुधाकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, पण बाबा, त्या सांगतायत की हे गाणं त्यांच्या गावचं आहे, त्यांची आई म्हणायची.

मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, दे त्यांना फोन, मी सांगतो हे कुठलं गाणं आहे ते. बायकोनं माझा हात धरून मला खाली बसवलं. फोन माझ्याकडनं घेतला, अगदी ओठांना लावला, आणि त्या उरलेल्या हवेत पोरीला म्हणाली:

"गॅस बारीक कर, मंग म्हन."